क्वार्टर नंबर चौदाचे कुलूप

मी, वसुमती हणमंतराव पिसाळ, वय एकतीस, राहणार श्रीनगर, बेंगळुरू, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. झोप मात्र नाही. बंद कारखाने पाडण्याआधी आत जाऊन पाहणी करणे हे माझे काम. तिथले जिने आणि छपरे भरवशाची नसतात, म्हणून या वयात हा कागद.

१. बँकेतील ठेव वडिलांना. एवढ्याचे मी काय करू, असे ते विचारतील. त्यांनी आधी कवळी करून घ्यावी.

२. वडिलांच्या टूलरूममधली, त्यांनी मला दिलेली मायक्रोमीटरची पेटी माझा भाऊ हर्षअण्णा याला मिळू नये. घर आवरताना बाकीची हत्यारे त्याने भंगारात घातली. वडील दोन दिवस जेवले नाहीत आणि अण्णा म्हणाला, स्वल्प जागा तर झाली. पेटी माझे सहकारी विद्याधर यांना द्यावी. ते तिला हात लावण्याआधी हात पुसतात.

३. सहा वर्षांत मी एकवीस कारखाने आतून पाहिले. कँटीनच्या फळ्यावर शेवटच्या दिवसाची भाजी तशीच लिहिलेली असते. हजेरीपत्रकांच्या खणांत कबुतरे असतात. वर्षभराने तिथे उंच फ्लॅट उभे राहतात आणि त्यांना बागांची नावे मिळतात. माझ्याकडचे फोटो ज्याला हवे त्याने घ्यावेत. कोणी मागेल असे वाटत नाही.

४. आईकडून मला आलेली श्रीनगरची जागा पद्मावतीअक्कांना द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

गेल्या फेब्रुवारीत एका बंद कारखान्याच्या क्वार्टर्सची यादी मी केली. चौदा नंबरला बाहेरून कुलूप होते. मी ‘रिकामे’ असे लिहिले. मागच्या बाजूला गेले नाही. ऊन होते आणि अजून तीस घरे उरली होती. मागे राहिलेली माणसे पुढच्या दाराला कुलूप घालून न्हाणीच्या दाराने ये-जा करतात, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. लहानपणी, वडिलांचा कारखाना बंद पडल्यावर, आम्हीही अकरा महिने तसेच राहिलो. शाळेची बस बंद झाली होती, म्हणून आई, भागीरथीबाई, त्या कुलपाआड मला शिकवायची. बाहेर पहारेकऱ्यांचे बूट वाजले की पाढे मनात म्हणायचे. पाहिले नाही ते लिहायचे नाही, हेही तिनेच शिकवले.

यादीत घर रिकामे, म्हणून नोटीस गेली नाही. यंत्राने मागची भिंत पाडली तेव्हा तानूबाई, पद्मावतीअक्कांची आई, आत भांडी घासत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचे पती त्या कारखान्यात रंगकाम करत. घर त्यांनाच मिळालेले. पोलिसांच्या कागदांत मात्र तानूबाई ‘घुसखोर महिला’ आहे. ते वाचूनही मी गप्प राहिले.

५. माझ्या पाहणीवहीचे ते पान सोबत जोडले आहे. माझ्या पश्चात ते पोलीस ठाण्यात द्यावे आणि ‘घुसखोर’ हा शब्द काढून घ्यावा.

६. साक्षीदाराला या मृत्युपत्राने काहीही मिळू नये. सही विकत घेतली, असे कोणी म्हणायला नको.

एवढे लिहून आज सकाळी मी कागद पद्मावतीअक्कांच्या शिवणाच्या दुकानात नेला. त्यांनी सगळा वाचला, पाचवे कलम दोनदा. मला वाटले, शिव्या देतील.

“म्हणजे तू मरेपर्यंत माझी आई घुसखोरच राहायची का गं?”

त्यांनी पेन मागितले. साक्षीदार म्हणून सही केलीत तर जागा जाईल, असे मी दोनदा सांगितले.

“सरी, ठीक आहे, जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “सही कर आधी. मग दुकान बंद करते आणि दोघी ठाण्यात जाऊ.”

म्हणून कलम ४ मधली जागा वडिलांना. कलम ५ मी खोडले आहे. पान पर्समध्ये घेतले आहे.

ठिकाण: गांधी बझार, बेंगळुरू
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा

सही: वसुमती हणमंतराव पिसाळ

आमच्यासमोर सही झाली, आणि तिच्यासमोर आम्ही केली:

१. दयानंद, शेजारचे झेरॉक्सवाले
२. पद्मावती, कै. तानूबाई यांची मुलगी