मयुरीचं बडोद्यातलं लग्न

नवागाम, सूरत
११ मे २०२५

ती. स्व. श्रीरंगमामा यांस,
गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण कागदावर नाही ते आपण ऐकलंच नाही, असं पोस्टातून रिटायर झाल्यापासून तुम्ही सगळ्या नातेवाइकांना बजावलं आहे. म्हणून हे पाकीट. आईचे गुडघे बरे आहेत. तुमची तब्येत कशी आहे ते आईने विचारलंय, मीही विचारते.

आता कामाचं. बारावीला एकाहत्तर टक्के पडले. मी बी.कॉम. करून पर्वत पाटियाच्या एखाद्या साडीच्या पेढीवर बिलं बनवावीत, असं आबांच्या मनात आहे. मला मात्र बडोद्याला जाऊन नाटकाची चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. एकदा विषय काढला तर नाटक करीसन पोट भरस का, एवढंच आबांनी विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं म्हणजे ही गोडी मला त्यांच्याच लूमच्या कारखान्यात, म्हणजे खात्यात लागली. लूम्सच्या धडधडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कारीगर हातांनी आणि चेहऱ्याने बोलतात. मिशीवर बोट फिरवलं की देखरेखीचा मास्तर आला, पोटावर मोठा गोल काढला की शेठ. डबा घेऊन गेले की मी तिथेच रेंगाळायची, आणि आबांशी तसंच बोलायला शिकले. आठवीत शाळेच्या नाटकात मला साडी नेसायची होती, तेव्हा आबांनी दोन मिनिटांत अशा निऱ्या घातल्या की बाई बघत राहिल्या. कापडाच्या धंद्यात एवढं येतंच, असं म्हणाले.

सोबत खर्चाचा कागद आणि पुढे मिळू शकणाऱ्या नोकऱ्यांची यादी जोडली आहे. तुम्ही आबांना समजवा. एक गोष्ट पोटात ठेवा. फॉर्म मी भरून टाकलाय, १२ जूनला चाचणी आहे. त्या दिवशी मैत्रीण मयुरीचं बडोद्याला लग्न आहे, असं घरी सांगितलंय. आबांना कळलं तर मयुरीच्या आधी माझंच लग्न लावतील.

लोभ आहेच, निदान चार वर्षं टिकेल असा असावा.

तुमची भाची,
गायत्री

*

नवागाम, सूरत
१२ मे २०२५

रा. रा. श्रीरंगभाऊ यांस,
लोटूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. उन्हामुळे खात्यात उभं राहवत नाही, पण काम चालू आहे हे बरं.

गायत्रीच्या डोक्यात नाटक शिरलं आहे. ती तुमचं ऐकते, म्हणून तुम्ही तिला समजवा. मी लिहिलं हे मात्र तिला कळू देऊ नका.

मी चौकशी केली नाही असं नाही. आमच्या शेठच्या भाच्याने हेच शिक्षण घेतलं. तो आता लग्नांत माइक धरून पाहुण्यांना जेवायला बोलावतो. कमाई बरी आहे म्हणतात, पण लग्नसराई संपली की तोही घरी आणि माइकही घरी. आपण साधी माणसं. चार वर्षं घालवून पोरगी पुन्हा बिलंच बनवायला आली तर काय करायचं?

तुमच्यापासून काय लपवू. गावच्या नाटकात सहा वर्षं मी राणी झालो होतो. टाळ्या थांबायच्या नाहीत, आणि सकाळी घरात चहापुरती साखर नसायची. शेवटी त्या राणीला सूरतची गाडी धरावी लागली. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. ते तसंच राहू द्या.

फेब्रुवारीत तिच्या शाळेत नाटक होतं. मी मागे उभा राहून पाहिलं आणि तिला न सांगता परत आलो. भाऊ, ती माझ्यापेक्षा चांगली आहे. त्याचीच भीती वाटते. वाईट असती तर चार महिन्यांत आपोआप थांबली असती.

कळावे, आणि कोणाला कळू न द्यावे.

तुमचा,
लोटू

*

अमळनेर
१९ मे २०२५

चि. गायत्रीस अनेक उ. आ.

तुझा कागद वाचला. फी आहे, खोली आहे, येण्याजाण्याचं भाडं आहे. फक्त चार वर्षांत तू जेवल्याचं कुठे दिसत नाही. मेसचा खर्च विसरलीस की दडवलास, ते तुझं तुला माहीत. नोकऱ्यांच्या यादीत नाटकाचे शिक्षक हे पहिलं नाव. अमळनेरात असा एक तरी शिक्षक पाहिलायस का? मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. जाहिरातीला आवाज देणं, मुलांची शिबिरं घेणं, मालिकेत चौथ्या नणंदेचं काम, हे खरं आहे. पण ते महिन्याच्या एक तारखेला येत नाही. हे सगळं धरूनही जायचं असेल तर मी तुझ्या बाजूचा.

मयुरीचं लग्न मात्र मला पसंत नाही. पंचांग पाहिलं. १२ जूनला मुहूर्तच नाही. खोटं बोलायचं तर निदान तिथी पाहून बोलावं. त्यापेक्षा चाचणीचं आबांना सरळ सांग.

आशीर्वाद आहेत, ते मेसमध्ये चालत नाहीत एवढंच.

तुझा मामा,
श्रीरंग

*

अमळनेर
१९ मे २०२५

श्री. लोटूराव यांस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

पोरीला समजवा म्हणता, पण कोणत्या तोंडाने समजवू? तुमची राणी पाहायला मी तीन कोस चालत यायचो, आणि एकदा आमच्या बहिणीला, कलालाही घेऊन आलो. तिने तुमच्या स्थळाला होकार दिला तो काय नोकरी पाहून? नोकरी होती कुठे. राणीच्या निऱ्या आपल्यापेक्षा नीट आहेत, असं घरी येऊन म्हणाली आणि दोन दिवस निऱ्याच घालत बसली. तेव्हाच आम्ही ओळखलं.

राणीने घरात साखर आणली नाही, हे खरं. पण तुम्हाला शिकवणारं कोणी नव्हतं आणि हातात कागदही नव्हता. पोरीच्या हातात पदवी असेल. नाटक चाललं नाही तर त्याच पदवीवर ती बँकेच्या परीक्षेला बसेल. ती तुमच्यापेक्षा चांगली आहे असं तुम्हीच लिहिलंत. मग ते मला कशाला सांगता, तिला सांगा.

मेसचा खर्च माझ्याकडे. माझी पेन्शन मी एकटा किती खाणार?

जावयाचा मान राखून एवढंच. कमीजास्त बोललो असेन तर ते जास्तच बोललो असं समजावं.

तुमचा,
श्रीरंग

*

नवागाम, सूरत
२७ मे २०२५

ती. स्व. मामांस,
गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही काय करून ठेवलंत? पाकिटावर माझं नाव, आणि आत लोटूराव. आबांच्या पाकिटात मी. चौतीस वर्षं टपाल सॉर्ट केलं, एक पत्र इकडचं तिकडे गेलं नाही, हे तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय.

राणीचं सगळं वाचलं, ती तुमच्यापेक्षा चांगली आहे इथपर्यंत आले आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून थांबले. मी चांगली करते हे आबांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आबा आत आले, माझं पत्र हातात घेऊन. आम्ही पत्रं बदलून घेतली.

रागावतील असं वाटलं होतं. पण जेवताना आबा आईला म्हणाले, की मयुरी आपल्या पोरीसारखी, तिच्या लग्नाला मीही जातो, आहेराला चांगली साडी काढून ठेव. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मान खाली घालून डाळभात खाल्ला. नंतर निऱ्यांचं विचारलं, तर कापडाच्या धंद्यात एवढं येतंच, असं पुन्हा म्हणाले. घरात आता सगळे खोटं बोलतात आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे.

ते हो म्हणणार की तिथूनच परत आणणार, मला कळत नाही. लोभ ठेवा, पण पुढचा योग्य पाकिटात ठेवा.

तुमची,
गायत्री

*

नवागाम, सूरत
२५ जून २०२५

रा. रा. श्रीरंगभाऊ यांस,
लोटूचा सा. न. वि. वि.

मयुरीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. मयुरी आली नव्हती.

मी मनात ठरवूनच गेलो होतो. पोरीला चाचणी देऊ द्यायची, तिथली गर्दी दाखवायची आणि खायला घालून परत आणायचं. आहेराची साडी पोरगीच नेसली. व्हरांड्यात निऱ्या सुटल्या. तीसेक पोरं बघत होती. मी निऱ्या पाडून तिच्या हातात दिल्या. आता कोणापासून काय लपवायचं?

आत तीन परीक्षक. उकाड्याने खिडक्या उघड्या होत्या, मी बाहेर उभा. पोरीने पाठ केलेलं नाटकातलं भाषण सुरू केलं आणि मध्येच विसरली. तिने खिडकीकडे पाहिलं. भाऊ, तेव्हा मी गप्प राहिलो असतो तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. पण हाताला राहवलं नाही. दोन बोटं चिमटीत धरून फिरवली. खात्यात त्याचा अर्थ, धागा तुटलाय, जोड, मशीन थांबवू नको.

तिने भाषण सोडलं आणि मला खुणेनेच उत्तर दिलं, की चहा लपवा, मास्तर आला. मी म्हटलं चहा तुझ्याकडेच आहे. ती म्हणाली तुम्हीच प्यायलात. असे आम्ही पाच मिनिटं भांडलो, तोंडातून एक शब्द नाही. शेवटी तिने पोटावर मोठा गोल काढला आणि त्याच वेळी मधल्या परीक्षकांकडे पाहिलं. त्यांचं पोट तसंच आहे. ते सगळ्यांत जास्त हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, की तुम्ही फॉर्म का भरला नाही.

यादीत तिचं नाव सातवं आहे. परवा जाऊन प्रवेश घेतला. फी आणि खोली माझ्याकडे, मेस तुमची. पुढे काय होईल ते मला अजूनही कळत नाही, आणि भीतीही गेलेली नाही. पण ती चांगली करते, हे तिला गाडीत सांगितलं. पाकिटं चुकून बदलली हे तुम्ही इतरांना सांगा.

प्रवेशाच्या कागदावर वडिलांचा व्यवसाय, असा रकाना होता. दरवर्षी तिथे ती लूम कारीगर लिहिते. या वेळी लिहून झाल्यावर स्वल्पविराम देऊन तिने पुढे लिहिलं, माजी राणी. मी खोड म्हटलं, तर खुणेने म्हणाली, की मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. तिथे कसलंही मशीन नव्हतं. कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शिक्का मारला.

कलाचा नमस्कार. लोभ असू द्यावा.

तुमचा,
लोटू
(माजी राणी)