नेमक्या मापाच्या पँटी

इंद्रपुरी, भोपाळ

ती. विश्वासदादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात, पोचला असं समज). तुझं पित्त आणि नलिनीवहिनींचं माझ्याबद्दलचं मत, दोन्ही आता जरा बरं असेल अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. म्हणजे शिलाई मशिनी ठीक आहेत.

तुझा समीर नागपूरला घरी खाली मान घालून जेवत असेल. त्याने काही सांगितलं नसणार, म्हणून मीच लिहिते. विद्यापीठाची ती योजना तुला ठाऊकच आहे. पदवीधराने काही महिने छोट्या उद्योगात राहून काम शिकायचं आणि उद्योजकाने ते शिकवायचं. उद्योजक म्हणजे मी (शाळेचे गणवेश शिवायचं दुकान, चार मशिनी, एक गळका कूलर). कागदोपत्री मी ‘मार्गदर्शक’. मार्गदर्शन असं केलं, की चहा कुठून मागवायचा ते दाखवलं, अवधपुरीच्या शाळेची अख्खी ऑर्डर त्याच्या हवाली केली आणि मंदाकिनीच्या मुलीच्या लग्नाला उज्जैनला निघून गेले.

पोराने मन लावून काम केलं रे. एकेका मुलाचं माप स्वतः घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं आणि कापड इतकं वाचवलं की परत आल्यावर मी त्याला जिलबी खाऊ घातली. पँटी अशा बसल्या, जशा फक्त दुकानातल्या पुतळ्यांना बसतात. तिथेच माती खाल्ली. शाळेच्या पँटीला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं असतं, पोरगं वाढलं की आई ते उसवते, ही गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ती सांगावी लागते असं आजवर कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या कापड बेतणाऱ्या रमेश मास्तरांना दिसत होतं, पण “डिग्रीवाले भैया से कौन उलझे” म्हणत त्यांनी कात्री चालवली.

मग आया आल्या. एक बाई पँट फडकावत म्हणाली, “दीदी, नाप तो इस साल का ले लिया, अगले साल का कौन लेगा?” अंगाला अचूक बसलेल्या कपड्यांबद्दल इतकं ऐकून घेणारी मी भोपाळातली पहिलीच असेन.

आणि मी सगळ्यांदेखत समीरला म्हणाले, “तुझी डिग्री आण, खाली पट्टी जोडायला तरी उपयोगी पडेल.”

वाक्य उत्तम होतं, दादा. आया हसल्या, कारागीर हसले, तोही हसला. हसत हसतच त्याने गळ्यातला टेप काढला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला आणि बॅग भरायला गेला. माझी चांगली वाक्यं वेळच्या वेळी घशात अडकली असती, तर आज माझ्या घरी जेवायला माणसं जास्त असती.

तू त्याला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घालतोयस असं वहिनी फोनवर म्हणाल्या. अवश्य घाल. बँकेत कुणी वाढत नाही.

तुझी,
मंजूषा

ता. क. घालू नकोस. निदान या महिन्यात नको. त्याला कापड कळतं. जे कळलं नाही, ते सांगणं माझं काम होतं.

आणखी एक. हे पत्र त्याला दाखवू नकोस. मी फोन केला की तो “हो आत्या” म्हणतो आणि ठेवतो. आत्याने बोलावलंय म्हटलंस तर अगदी नम्रपणे नाही म्हणेल (वहिनींचं वळण). तूच जरा ओरड, घरी बसून काय करतोस म्हणून हाकलून दे. स्टेशनवर घ्यायला मी जाईन. काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, हे तुला खोटं वाटेल.