सुरयांचा कोरा रकाना

रविवार, १२ जानेवारी २००३

येरवड्याच्या पुलाखाली आज पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय एकही दिसला नाही. उन्हाळ्यात ते अंडी घालायचे त्या वाळूच्या बेटावर आता राडारोड्याचा भराव आहे. पक्षीगणनेच्या तक्त्यात त्यांचा रकाना कोराच राहिला.

ऑफिसातली मेघना पहिल्यांदाच आली होती. माझी जुनी वही चाळत म्हणाली, "सर, नाइन्टीलाही हा कॉलम ब्लँकच आहे. म्हणजे तेव्हाही नव्हतेच ना?"

तेव्हा इतके होते की मोजायचा कंटाळा यायचा. कावळे कोण मोजतं? पण हे आता तिला पटवू कसं?

संध्याकाळपासून दोन्ही कोरे रकाने शेजारी ठेवून बघतोय. काही फरक दिसत नाही. आजच्यात निदान शून्य लिहू? मग नव्वदच्या रकान्यात काय लिहू?