पाच वॅट

बाबा, सत्तर वॅटचं काम मी पाच वॅटवर आणलं. हे कौतुकानं सांगावं असं दुसरं माणूस मला सापडेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघं बोललो ते बहुतेक दिवा, पंखा आणि इस्त्री यांच्याबद्दलच. तेव्हा हा विषय तुम्हाला परका वाटायचा नाही.

आता मी आणि आई खांदा कॉलनीत राहतो. घरात माझा एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यात मी सगळ्या कॅसेटमधली गाणी उतरवून ठेवली आहेत. तो हॉलच्या कोपऱ्यात चोवीस तास चालू असायचा. स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर बोट ठेवलं की ओट्यावरच्या स्पीकरमधून हवं ते गाणं यायचं. आईसाठी मी त्यावर मावशीचा फोटो लावला होता. फोटोवर बोट ठेवलं की मावशीचे धवले लागत. आईची ही मोठी बहीण उरणकडच्या गावातली धवलारीण होती. धवले गाऊन लग्नं लावायची, आणि तिच्याशिवाय त्या गावात कुणाला हळद लागत नसे. मावशी गेली, आता तिची ती एक कॅसेट उरली आहे. आईला मी दोन-तीनदा दाखवलं, तर ती म्हणाली, "माज्यानं नाय जमाचा ता." मीही मग नाद सोडला. ती दुपारची झोपते आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये असते, त्यामुळे तो कॉम्प्युटर माझ्याशिवाय कुणी वापरत नाही असंच मी धरून चालले.

एका रविवारी सहज त्याच्या प्लगला वॅट मोजायचं मीटर लावलं. कुणी काही ऐकत नव्हतं तरी सत्तर वॅट. मी त्याच्या पाठीवर उलटा हात ठेवला, तर पाठ गरम. तो हात तुमचा होता, बाबा. मला एकदम सुकापूरचं घर दिसलं. संध्याकाळ झालेली आहे, तुम्ही विजेच्या लाइनवरून आला आहात, कमरेचा पट्टा अजून सोडलेला नाही. चपला काढायच्या आधी तुम्ही फळीवरच्या टेपरेकॉर्डरपाशी जाता आणि त्याच्या पाठीवर उलटा हात ठेवता. आई चुलीपुढे बसली आहे. ती वळून बघत नाही. "गरम हाय," तुम्ही म्हणता. "किती येल लावला व्हता?" आई म्हणते, "एकच बाजू." मग तुमचं सुरू होतं. वीज तिच्या बापाची आहे का, खांबावर चढताना तुमचा जीव जातो आणि इथे बायका गाणी ऐकत बसतात, वगैरे. तुमच्या रेडिओवर सातच्या बातम्या मात्र रोज लागायच्या. बातम्यांना बहुधा वीज लागत नसावी.

पुढे आई टेप बंद केल्यावर त्याची पाठ ओल्या फडक्यानं पुसायला लागली, गार व्हावी म्हणून. विजेच्या वस्तूला ओलं फडकं, तेही लाइनमनच्या घरात! पंधरा-वीस दिवस ते खपलं. मग एकदा तुमच्या हाताला ओल लागली. तुम्ही ओरडला नाहीत. टेस्टर काढलात, टेपच्या वायरचा प्लग शांतपणे उघडून वेगळा केलात आणि शर्टाच्या खिशात टाकलात. दुसऱ्या दिवशी तो खिशातूनच ड्युटीवर नेलात. आईनं चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिनं वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घातली आणि काड्यापेटीच्या काड्यांनी दाबून बसवली. तिला असा शॉक बसला की ती भिंतीवर जाऊन आदळली. मी दारात होते. तिचा अंगठा काळा पडला होता, तो अजूनही टोकाला सपाट आहे, त्याला सुई धरता येत नाही. संध्याकाळी तुम्ही तिच्या अंगठ्याला मलम लावलंत. लावता लावता म्हणालात, "मेली असतीस तं लोकं हसली असती मला. लाइनमनची बायको शाक लागून मेली." एवढंच. प्लग काही परत आला नाही.

या गोष्टीचा मला तुमच्यावर जितका राग आहे तितका कशाचाच नाही. पण तेव्हा मी तुमच्या बाजूची होते, हेही खरं. घरातली बटनं बंद करायचं काम तुम्ही मला दिलं होतं आणि मी ते मिरवत करायची. दहावी झाले तेव्हा तुम्ही मला नवा टेस्टर आणलात. लाल दांड्याचा. "पोरीला इजेतला कलतं बग," असं शेजाऱ्याला सांगितलंत. मी तो उशीखाली घेऊन झोपले. आईला प्लग मिळाला नाही आणि मला टेस्टर मिळाला. हे आपल्या घरात कुणालाच चमत्कारिक वाटलं नाही.

तर मी कामाला लागले. महिनाभर रविवार घातले. जुना कॉम्प्युटर काढून साबणाच्या डबीएवढा एक छोटा बसवला. गरगर फिरणारी डिस्क काढून न फिरणारी घातली. स्पीकरचा अॅम्प्लिफायर दिवसभर उगाच जागा राहायचा, त्याला गाणं लागलं तरच आपोआप चालू होणारं बटन दिलं. एवढ्यावर पाच वॅट आले होते, तिथं थांबायला हरकत नव्हती. पण हाताला चटक लागली. कुणी गाणं मागितलं नाही तर पंधरा मिनिटांनी सगळंच पूर्ण बंद व्हावं आणि उठवायचं तर माझ्या मोबाइलवरून उठावं, अशी सोय केली. मग मीटरवर शून्य दिसलं. मी त्या शून्याचा फोटोही काढला. आईला मी यातलं काही विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. कशाला सांगायचं? ती ऐकत नव्हती ना.

दोन आठवड्यांनी टॅबलेट पुसताना त्यातली नोंद उघडली. कुणी कधी काय लावलं ते त्यात राहतं. शून्याच्या आधीची दोन वर्षं रोज दुपारी तीनच्या सुमाराला मावशीचे धवले लागलेले होते. रोज, बाबा. गणपतीतसुद्धा. आणि आवाज सगळ्यात खाली, पट्टीवर एकच काडी. एवढ्या आवाजात ऐकायचं तर स्पीकरला कान लावायला लागतो. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी आई तुमच्या भीतीनं आवाज वाढवत नाही.

त्याच्या खाली माझं शून्य सुरू झाल्यापासूनच्या नोंदी होत्या. पहिल्या दिवशी तिनं मावशीच्या फोटोवर नऊ वेळा बोट ठेवलेलं होतं. प्रत्येक वेळी पडद्यावर ते गोल फिरत राहिलं असणार आणि गाणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मग दोन. मग तीन दिवस रोज एकदाच. त्यानंतर काहीच नाही. त्या दिवसांत आम्ही दोघी रोज एकत्र जेवत होतो. तिनं भाकरी वाढली, मला मासळीचे भाव सांगितले, गुडघ्याचं तेल मागितलं. गाणी लागत नाहीत म्हणून चकार शब्द काढला नाही.

मी ओट्यापाशी गेले आणि विचारलं, "आई, गाणी लागत नव्हती तर बोलली का नाहीस?"

ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "म्हनला तू बंद केला आसशील. बरा केलास. इतकी वीज कशाला जालाची, बाय."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोसलं असतं. तुम्हाला ती मनातून शिव्या तरी देत असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. कदाचित देतही नसेल. घरात ज्याच्या हातात बटन असतं तो ते बंद करणारच, हे तिनं तुमच्याकडून शिकून ठेवलं होतं, आणि आता त्या जागेवर मी बसले म्हणून मलाही ती तसंच वागवत होती. तुमच्यासारखी होऊ नये म्हणून मी लग्न केलं नाही, कुणावर आवाज चढवला नाही, आणि झाले ते तुमच्यासारखीच. तेही तिच्या भल्यासाठी नाही की कुणाच्या भल्यासाठी नाही. नुसतं शून्य बघायला छान वाटतं म्हणून.

त्याच दिवशी ते झोपायचं सगळं काढून टाकलं. आता पाच वॅट रात्रंदिवस जातात, जाऊ देत. आवाजाची खालची हद्दही मी वाढवून ठेवली आहे. आज दुपारी सुट्टी काढून घरी थांबले. मावशीचा आवाज हॉलपर्यंत आला आणि आई दचकून आधी दाराकडे बघायला लागली. मी म्हटलं, "कुणी नाही, ऐक तू." मग ती स्टुलावर बसली.

आईला वाचता येतं, म्हणून हे कागद मी घरात ठेवणार नाही. लॅबच्या कपाटात जातील. कारण तिला मी खरं सांगितलेलं नाही. मशीन बिघडलं होतं, मी दुरुस्त केलं, असं सांगितलं. तिनं सपाट अंगठ्याच्या हातानं माझा गाल धरला आणि म्हणाली, "बापाला नुसता बंद कराला यायचा. माजे बायला चालू कराला येतं." मी ते ऐकून घेतलं.