गोड पाण्याची तोटी

३ मे १९८८
धुळ्यात रुजू झालो. दवाखाना ट्रस्टचा, जुना. पण खोली हवेशीर मिळाली आणि शेजाऱ्यांनी न मागता चहा पाठवला. काम माझ्या आवडीचं. टाकीत ब्लीचिंग पावडर कालवायची, मग वॉर्डावॉर्डातल्या तोट्यांचं पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे पाच थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, पावडर पोचली, जंतू मेले. आज ओळीने पिवळ्या नळ्या पाहून सणासारखं वाटलं. नर्मदाला नववा लागलाय. पंधरा तारखेला तिला धरणगावला, माहेरी पोचवायचं ठरलं आहे.

६ मे
बाळंतिणींच्या वॉर्डामागे एक तोटी राहिली होती. तिचं पाणी काही पिवळं होईना. तीनदा पाहिलं. त्याच वॉर्डात दोघी तापाने फणफणल्या आहेत. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मोठ्या डॉक्टरांना म्हणालो. त्यांना विनोद कळला नाही. टाकीत दुप्पट पावडर घातली. मीही हट्टाला पेटलोय.

८ मे
दुप्पट पावडरीचा वास बाकीच्या तोट्यांना लागला आणि सगळ्या बाया कळश्या घेऊन त्या एकाच तोटीवर. वॉर्डातल्या आया द्रौपदाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आठलं पाणी गोड शे, भाऊ. बठ्ठा आठलंच पेतस." इथलं गोड, म्हणून सगळे इथलंच पितात; वास नाही म्हणजे पाणी चांगलं, असा सरळ हिशेब. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मीच त्यांना तिकडे ढकललं. फार वाईट वाटतंय.

९ मे
प्लंबर झिपरूनानांना घेऊन दुपारी ती लाइन खणली. पटकीचा वॉर्ड पाडला तेव्हा, बहात्तर साली, आपणच ती टाकीपासून तोडली, असं नाना सांगत होते. दहा फुटांवर पाइप संपला. तोंड उघडं, आत सुकी काळी माती आणि मुंग्या. मी जाऊन तोटी सोडली. धार आली. नाना सायकलवर बसून निघून गेले. कुदळ इथेच आहे.

११ मे
काल तोटी काढून भोकात लाकडी खुंटी ठोकली. आज सकाळी खुंटी खाली पडलेली, आणि शेजारी तीन कळश्या — भरलेल्या. पुन्हा ठोकली. तापातली एक बाळंतीण पहाटे गेली. पंधरापर्यंत थांबायचं नाही. नर्मदाला उद्याच नेतो.

१२ मे
स्टँडवरच कळा सुरू झाल्या. इथेच परत आणावं लागलं — दुसरीकडे पोचलोच नसतो. मुलगी झाली. पावडरीच्या वासाने नर्मदाला मळमळत होतं, म्हणून द्रौपदाबाईंनी मायेने त्या तोटीच्या कळशीतलं पाणी — तिला पेलाभर, बाळाला बोटाने. मी ओरडलो. त्या रडायला लागल्या. मला भीती वाटते.

१३ मे
नर्मदाला ताप नाही. हसते. उकळलेलं पाणी थुंकून टाकते. बाळ कालपासून रडलेलं नाही. दूध घेत नाही. तरी अंग जड — दर तासाला जड —

१४ मे, दुपार
खुंटी जागेवर. भिंत कोरडी. पण पाण्याचा आवाज — वॉर्डातून —

बाळाच्या तोंडातून. स्वच्छ. एकसारखी धार. पाळणा भरला. बाया कळश्या घेऊन रांगेत उभ्या. दार त्यांनीच लावलं — नर्मदा ओंजळ भरून माझ्याकडे येतेय, घ्या म्हणते, आपल्या लेकीचं — मी तोंड घट्ट मिटून —