चावी गळ्यातच ठेवायची

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! कोळशाच्या खाणीत सुरुंगवाल्याची नोकरी, राहायला दोन खोल्या, शिवाय धाकट्या भावालाही सुरुंगाची भोकं पाडायच्या कामावर घेतलं. आई बजावत होती, त्याला सांभाळ. म्हटलं, अगं, सुरुंग मीच उडवणार, मग काळजी कसली? मॅनेजरनं सुरुंगाच्या यंत्राची चावी माझ्या गळ्यात घातली. नियम सोपा आहे. चावी सुरुंगवाल्याच्या अंगावरून हलायची नाही. सगळे बाहेर आले, शिट्टी झाली, की मगच ती यंत्रात घालून फिरवायची. नियम मला फार आवडला.

५ तारीख, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत मजुरांनी मागच्या सुरुंगवाल्याचं सांगितलं. तिघे आत असताना त्यानं चावी फिरवली. कोळशातून त्यांचे तुकडे वेचायला दोन पाळ्या लागल्या. हा आपला म्हणत राहिला, हात माझं ऐकेना. करून सवरून नामानिराळा! मी हसलो.

७ तारीख, शुक्रवार
धाकटा आत, दारू भरलेल्या भोकात वरून माती ठासत होता. माझा उजवा हात चावीकडे गेला. मी नेला नाही. त्यानं चावी यंत्रात घातलीसुद्धा. डाव्या हातानं मनगट पिरगाळलं तेव्हा सुटली. आईशप्पथ, भीती वाटतेय.

८ तारीख
चावी परत घ्या म्हटलं. मॅनेजर म्हणाला, बदली माणूस सोमवारी येईल, तोवर ती तुझ्याच गळ्यात, नियम म्हणजे नियम. घरी येऊन उजवा हात ठेचायला डाव्या हातात हातोडी घेतली. त्या उजव्यानंच ती हिसकावली. डाव्या हाताची पाचही बोटं ठेचली — हाडं वर आलीत. धाकटा बांधताना रडत होता आणि शिव्याही घालत होता.
एक कळलं. पेन्सिल धरून लिहीत असलो की हात गप्प बसतो.

१० तारीख
बदली माणूस आलाच नाही. मॅनेजर म्हणाला, चावी फिरवायला एक हात पुरतो. धाकट्याला म्हटलं, आत जाऊ नकोस. म्हणाला, दादा, ताप चढलाय तुला.
सुरुंगाच्या तारा उजव्या हातानं आपणहून यंत्राला जोडल्या. आता लिहितोय. ओरडलो, बाहेर ये! आलोच म्हणतो, एवढं एक भोक ठासतो —
पान उलटलं तेवढ्यात चावी यंत्रात गेली — लिहितोय — काहीही लिहितोय —
त्याचा दिवा दिसला. येतोय. ये रे बाळा — वळला — ठासायची काठी राहिली म्हणून परत आत — अरे सोड ती काठी, तुझ्या पाया पडतो — लिहितोय, लिहितोय, लिहितो — शिसं मोड