करवत विकू नये म्हणून

तरीही दादा म्हणणारच, करवत पातळ वाजते. सहा वर्षं तेच. वहिनीसमोर तेच, स्टुडिओवाल्यासमोर तेच, आणि परवाच्या पत्रातही तेच: "पातळ वाजते म्हणून अर्ध्या किमतीत जातेय, माझ्या नावाने खडे फोडू नकोस." मी सहा वर्षं उलट ओरडत आलो की ती पातळ नाही, ताठ आहे. आता ओरडत नाही. ती पातळ वाजते, कबूल. पण ती पातळ नाही. ते पुढे चौथ्या कलमात येईल, तोवर दादाने मध्ये बोलू नये.

आता रीतसर.

मी खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी (आठवीत तीन महिने बसलो ते धरत नाही), धंदा पुलाच्या खांबावर बोल्ट आवळण्याचा, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, पोटात दारू नाही आणि कोणी मानगूट धरून हे लिहून घेत नाही. मानगूट हा शब्द माझा, कंपनीच्या कारकुनाने दडपण सांगितला होता. सोमवारपासून आमची टोळी पाण्यापासून नव्वद मीटर वर चढणार, आणि तेवढ्या उंचीवर जाणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्र करून ऑफिसात द्यायचं, असा इथला नियम आहे. एक प्रत ऑफिसात राहील. दुसरी मी आजच दादाला पाठवतो. कारकून म्हणाला, "अरे बाबा, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात." मी म्हटलं, "साहेब, तेवढं थांबलो तर करवत हातची जाईल. विकत घेणारा स्टुडिओवाला वीस तारखेला गाडी घेऊन येतोय."

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या आणि पुढच्या भाड्याच्या जागेतलं दुरुस्तीचं दुकान यात माझा निम्मा हिस्सा आहे. मी मेलो तर तो वहिनीच्या नावे व्हावा. दादाच्या नाही. दादा दुकान चालवतो, पण त्याला ते चालतं ठेवते वहिनी. बँकेत माझं जे काही असेल तेही तिचंच. तिने त्यातून आधी स्वयंपाकघराचा ओटा उंच करून घ्यावा. वाकून वाकून तिची पाठ गेली, आणि आम्ही दोघे भाऊ दुकानात बसून आवाजावर भांडत राहिलो.

कलम दुसरे. हे वाचणारा वकील असेल किंवा साहेब, त्याला भट्टी आणि करवत म्हणजे काय ते कळायला हवं. हे गिटारचे दोन ॲम्प आहेत. तार छेडली की तिचा आवाज फुगवून, फाडून, खरखरीत करून बाहेर फेकणारी यंत्रं. काचेच्या व्हॉल्व्हवर चालतात आणि आम्हा दोघांहून वयाने मोठी आहेत. दोन्ही एकाच कंपनीची, पुढची पाटीसुद्धा एकच, पण भट्टी पहिल्या आवृत्तीची आणि करवत तिसरीची. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोन्ही भंगारातून आणून जिवंत केली. जाताना तोंडी सांगून गेले, भट्टी थोरल्याची, करवत धाकट्याची. नावंही त्यांनीच ठेवली.

फरक असा. भट्टीचा ट्रान्सफॉर्मर इतका जड की उचलताना कंबर धरते. तिच्यात आवाज आधी फुगतो, मग पेटतो, आणि तारेवर हात ठेवला तरी राखेखालच्या निखाऱ्यासारखा जरा वेळ धुमसतो. दादा सावकाश वाजवतो, त्याला ते शोभतं. तिसऱ्या आवृत्तीत कंपनीने ट्रान्सफॉर्मर बदलला, एक व्हॉल्व्ह वाढवला आणि आतली मांडणी आवळली. म्हणून करवतीत तार हलली की त्याच क्षणी धार लागते आणि हात ठेवला की जागच्या जागी गप्प. आवाज फाडणारी गेनची खुंटी सातवर नेली तर भट्टीत सहा तारांचा एक गोळा होतो. करवतीत सहाच्या सहा तारा मोजून घ्या. मला तेच आवडतं, कारण मी घाईने वाजवतो आणि माझ्या चुका लपवत नाही. (दादा यावर म्हणायचा, "लपवायला आधी त्या कळायला हव्यात.")

तर करवत माझी आहे. गेल्या महिन्यात दादाने लिहिलं, दुकानाच्या भाड्याचा करार संपतोय, मालक जास्त अनामत मागतोय, करवत विकू का? मी रागाच्या भरात उलट लिहिलं, "विक. नाहीतरी मला कान कुठे आहे." ही परवानगी मी या लेखाने रद्द करतो. रागात दिलेली गोष्ट शुद्धीवर परत घेता येते की नाही, ते कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "लिहून टाक, बघू."

कलम तिसरे, हत्यारं. अप्पांचा मीटर दादाला. तो दोन आकडे जास्त दाखवतो, तेवढे वजा करायचे, हे दादाला ठाऊक आहे, परक्याला नाही, म्हणून परक्याला देऊ नये. लाकडी मुठीची सळईही दादालाच. ॲम्प बंद करून वायर उपसली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. आधी सळईने ती जमिनीत उतरवायची, मगच आत हात घालायचा. दादा कधीकधी सळई न शोधता स्क्रू-ड्रायव्हरने भागवतो. मी मेलो तर त्याने ही सवय सोडावी. मी जगलो तरी सोडावी. माझी सोल्डरगन स्टुडिओवाल्याच्या पोरकट मदतनिसाला देऊ नये, तो मागेल.

कलम चौथे. इथे दादाने बसून घ्यावं.

प्रत्येक ॲम्पला त्याची चार स्पीकरची पेटी आहे. अप्पांचा नियम, जोडी मोडायची नाही. एकदा चुकीच्या पेटीवर लावून भट्टीचा ट्रान्सफॉर्मर त्यांनीच जाळला होता, तेव्हापासूनचा नियम. आम्ही तो इतका पाळला की सहा वर्षांत करवत भट्टीच्या पेटीवर एकदाही लावून पाहिली नाही. पाहिली असती तर भांडण त्याच दिवशी मिटलं असतं.

करवतीची पेटी अप्पांच्या हातून पुरी झाली नाही. तीन स्पीकर बसले होते आणि ते अंथरुणाला खिळले. करवत त्यांनी टेबलावरच्या एका सुट्या स्पीकरवर तेवढी ऐकली आणि म्हणाले, "हिला तिची पेटी मिळू दे, मग बघा." ते गेल्यावर चौथा स्पीकर मी बसवला आणि उजवीकडच्या जोडीची वायर मी ओढली.

आमच्या दुकानात लाल वायर कधी नव्हती. अप्पा घाऊक काळी आणायचे, स्वस्त पडायची. म्हणून अधिकच्या, म्हणजे प्लसच्या, वायरीला टोकाशी गाठ मारायची, ही आमच्या घरची पद्धत. दुसरा कारागीर बघून हसेल, पण आम्ही डोळे मिटून गाठ चाचपून जोडायचो. त्या दिवशी वायर लांब झाली म्हणून मी वीतभर छाटली. गाठ छाटलेल्या तुकड्यात गेली. हातात दोन सारख्या काळ्या वायरी राहिल्या. छोटी बॅटरी लावून बघायला हवं होतं, स्पीकरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट. दोन मिनिटांचं काम. मी अंदाजाने चिकटवल्या. आवाज आला. आवाज आला म्हणजे काम झालं, असं मला वाटायचं.

उलटी जोडली, दादा. डावीकडचे दोन स्पीकर बाहेर येतात तेव्हा उजवीकडचे दोन आत जातात. समोर बसलेल्याच्या कानापर्यंत पोचेतो खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि उरतं ते पत्र्यावर नख ओढल्यासारखं. आपण दोघे नेहमी पेटीच्या नाकासमोर बसायचो. तू म्हणालास पातळ, तुझं बरोबर. मी म्हणालो ताठ, मीही बरोबर. दोघांनी मिळून अप्पांच्या यंत्राला सहा वर्षं बोल लावला.

मला हे कळलं कसं, तर इथल्या जेवणाच्या हॉलमध्ये. भिंतीवर दोन स्पीकर आहेत, त्यातून पाळ्या पुकारतात. मधल्या टेबलांवर काही समजायचं नाही, हात धुण्याच्या नळापाशी मात्र खणखणीत. सगळे मुकादमाला नावं ठेवायचे, तोंडात गोळी धरून बोलतो म्हणून. एका रविवारी मी शिडी लावली आणि एका स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. मुकादम बोलला आणि स्वतःच दचकला. "काय केलंस रे? माझा आवाज अंगावर आला माझ्या!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी शिडीवरच उभा. मला वहिनी आठवली. ती किती वेळा म्हणाली होती, "भावजी, तुमची करवत समोर बसून रिकामी वाटते, पण मी दारात उभी राहिले की चांगली घुमते." आपण दोघे हसलो होतो. दार पेटीच्या बाजूला आहे, दादा. बाजूला खर्ज मरत नाही. घरात कान एकीलाच होता आणि ती पोळपाट घेऊन उभी होती.

म्हणजे करवतीचा खरा आवाज आजवर कोणीच ऐकलेला नाही. तू नाही, मी नाही, अप्पाही नाहीत. आणि वीस तारखेला तो अर्ध्या किमतीत गाडीत चढणार.

कलम पाचवे, जुने हिशेब. स्टुडिओवाल्याने करवतीला "डबा" म्हटलं होतं. मी त्याला माफ करतो, कारण डबा मीच केला होता. भाडेकरार करणाऱ्या मालकाला माफ करत नाही. दादाने शेवटच्या भांडणात मला म्हटलं, "तुला कान नाही. जा, लोखंड उचल." मी खरंच लोखंड उचलायला आलो, हजार कोस. हे वाक्य मी चार वर्षं सांभाळलं आहे. चांगल्या स्थितीत आहे. ते मी दादाला परत करतो. त्याने फेकावं किंवा ठेवावं, माझा हक्क राहिला नाही.

कलम सहावे. माझ्या मरणाशी याचा संबंध नाही, हे पत्र मिळताच करायचं आहे. करवतीच्या पेटीची मागची फळी काढ. उजवीकडच्या जोडीच्या वायरी उलटव. बॅटरी लावून चारही पडदे एकदम बाहेर येतात ते बघ. मग दोन्ही ॲम्प आळीपाळीने त्याच पेटीवर लाव. जोडी मोडायला मी सांगतोय हे अप्पांनी ऐकलं असतं तर चप्पल काढली असती, पण ॲम्पच्या मागचा ओहमचा आकडा पेटीवरच्या आकड्याशी जुळवून घेतला की काही जळत नाही. गिटार एकच, सूर तेच, आवाज दोन्हींचा सारखा ठेव. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, आपण नेहमी तिथेच फसतो. वहिनीने पेटीकडे पाठ करून समोर बसावं आणि निकाल द्यावा. तिने भट्टी म्हटलं तर मी मान खाली घालून मानीन.

मग स्टुडिओवाल्याला बोलव आणि ऐकव. त्याने तुला दिलेला इसार परत त्याच्या हातावर ठेव. विकू नकोस, दोन्ही मिळून भाड्याने दे, दिवसाच्या हिशेबाने. डाव्या कानात भट्टी आणि उजव्या कानात करवत असं त्याला कोणीही दुसरा देऊ शकणार नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तुला कळेल. अनामत त्यातून वर्षभरात उभी राहते, मालकाशी तसं बोलून घ्यायला मी वहिनीला वेगळं लिहिलं आहे, तो तिला घाबरतो.

मी मेलो तर करवत दादाची. मी मरणार नाही. पट्टा दोन ठिकाणी अडकवतो आणि दोन्ही वेळा ओढून बघतो, ते आता शिकलो. माझं काम आठ महिन्यांनी संपतं. दुकानात टेबलाच्या उजव्या बाजूची जागा तोवर कोणाला देऊ नये, एवढीच एक गोष्ट या अख्ख्या कागदात मी मागतो.

हे सारं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोन ठिकाणी खाडाखोड आहे ती माझीच.

सही: धाकटा

साक्षीदार पहिला: मुकादम. (त्याने स्वतःहून लिहिलं आहे: "याला कान आहे. माझ्या आवाजावरून सांगतो.")
साक्षीदार दुसरा: क्रेनवाला, आमच्याच खोलीतला. त्याला गिटार आणि ॲम्प यांतलं काही कळत नाही, पण सही करताना विचारत होता की निकाल काय लागला ते कळवाल ना.

ठिकाण: पुलाच्या पूर्वेच्या खांबाखालची बराक
तारीख: नऊ, रविवार, जेवणाआधी

सोबत पाठवतो आहे: उंचीचा भत्ता आगाऊ उचलला त्यातून, स्टुडिओवाल्याचा इसार परत करायला पंधरा हजार. करवतीच्या चार नव्या व्हॉल्व्हना तीन हजार. लाल वायरीच्या एका वेटोळ्याला चारशे. लाल आणली तरी गाठ मारायचीच. एकूण अक्षरी अठरा हजार चारशे फक्त.